पाद्र्याचं वळण

एरमेते झान्योनी एकशे दोन वर्षांचा होऊन गेला, तेव्हा मोंतेरेनो गावाला कळलं की इतकी वर्षं आपल्या शेजारी एक सिंह राहत होता. बोलोन्याच्या पेपरात तसं छापूनच आलं होतं: 'युद्धापूर्वीच्या मोटारशर्यतींचा अखेरचा सिंह हरपला.' त्याची मुलगी अर्जिया हिनं ती ओळ वाचली, चष्मा काढून जुन्या एप्रनला पुसला आणि पुन्हा वाचली. बहात्तर वर्षं ती या माणसाची मुलगी होती. त्यातली शेवटची कितीतरी वर्षं तिनं त्याला दोन्ही वेळा सूप करून घातलं होतं, त्याच्या पायांची नखं कापली होती. सिंहासारखं काही तिच्या नजरेला कधी पडलं नव्हतं.

अर्जियाचं चौकात केस कापायचं दुकान होतं. चाळीस वर्षं तिनं गावातल्या बायकांचे केस धुतले आणि त्यांच्या गप्पा ऐकल्या. त्यामुळे आपल्या बापाबद्दल गाव काय म्हणायचं, हे तिला पेपरवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

गाव त्याला 'पाद्री' म्हणायचं.

एरमेते शर्यतीत उतरला तो हौसेनं नव्हे. त्याच्या मामाचं मोटारदुरुस्तीचं वर्कशॉप होतं. मामानं एक शर्यतीची गाडी तयार केली, आणि ती चालवणारा गडी ऐन वेळी एका विधवेबरोबर जेनोव्हाला पळाला. उरला भाचा. "बस," मामा म्हणाला, आणि हा बसला. पुढची नऊ वर्षं बसतच राहिला. त्या काळच्या गाड्यांना ब्रेक असायचे, पण ते वापरणं बाकीच्यांना कमीपणाचं वाटायचं. एरमेतेला वाटायचं नाही. तो प्रत्येक वळणाआधी वेग कमी करायचा, वळण नीट बघायचा, आणि मग जणू प्रसादाचं ताट हातात घेऊन चाललाय अशा बेतानं ते घ्यायचा. म्हणून पाद्री. रस्त्याच्या कडेला जमलेले लोक त्याची गाडी दिसली की टोप्या काढून छातीवर क्रूसाची खूण करायचे आणि हसून हसून लोळायचे.

नऊ वर्षांत तो एकही शर्यत जिंकला नाही. दुसरा आला नाही. एकदा तिसरा आला, कारण त्या दिवशी तिघांच्याच गाड्या शेवटपर्यंत टिकल्या.

लग्न झालं, अर्जिया झाली, तेव्हा गावाला नवाच विनोद सापडला. ती शाळेत जायला लागली तशी पोरं विचारायची, "काय गं, पाद्र्याला पोरगी झालीच कशी?" ती रडत घरी यायची. एरमेते तिला मांडीवर घ्यायचा आणि म्हणायचा, "त्यांना सांग, हळूहळू झाली."

तोवर लढाई आली होती, शर्यती बंद पडल्या होत्या. लढाई संपल्यावर तो मामाच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करू लागला, आणि मोटारशर्यत हा विषय त्याच्या आयुष्यातून गेला तो पन्नास वर्षं.

परत आला तो दुसऱ्यांच्या मरणानं. त्याच्या बरोबरीचे जे वेगवान होते ते फार आधीच झाडांवर, कठड्यांवर आणि दऱ्यांत संपले होते. जे मध्यम होते ते म्हातारपणानं एकेक करून चालले होते. लिओंचा एक गेला. इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमात एक होता तो गेला. शेवटी एक जर्मन सरदार उरला होता, तो पंच्याण्णवाव्या वर्षी माशाचा काटा अडकून गेला, आणि कुणीतरी याद्या चाळून शोध लावला की आता अख्ख्या युरोपात एकच उरलाय. दुसऱ्याच आठवड्यात मिलानोचा एक पत्रकार अर्जियाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"सिन्योर झान्योनी," तो म्हणाला, "तुमच्या यशाचं रहस्य काय?"

"कसलं यश?"

"अहो, त्या राक्षसी गाड्या, ते रस्ते, आणि तुम्ही जिवंत!"

"ब्रेक," एरमेते म्हणाला.

"म्हणजे तुम्ही ब्रेक अगदी शेवटच्या क्षणी लावायचात?"

"नाही हो. सगळ्यांच्या आधी."

पत्रकार मोठ्यानं हसला. पेपरात आलं: 'सिंहाची विनोदबुद्धी शाबूत.' पुढच्यानं विचारलं, तुमची सर्वांत मोठी लढत कुणाशी झाली? एरमेते म्हणाला, "गिअरबॉक्सशी." तेही छापून आलं. त्यानं कुणालाही, कधीही, एक शब्द खोटा सांगितला नाही. मी मागे असायचो, मला भीती वाटायची, मला जिंकायचं नव्हतं, असं तो सरळ सांगायचा. जितकं सरळ सांगायचा तितका लोकांचा आदर वाढायचा. केवढा थोर माणूस आणि केवढी नम्रता! शंभराव्या वाढदिवसाला बँड आला, नगराध्यक्ष आले, टीव्हीवाले आले. ते सगळे गेल्यावर केकच्या चुऱ्याकडे बघत तो अर्जियाला म्हणाला होता, "हे बघ पोरी, शर्यत खूप लांबवली की मीपण पहिला येतो."

आणि मग एके दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. अर्जियाला रडू आलं नाही. ती दमली होती. दफन झालं, माणसं पांगली. संध्याकाळी तिनं सवयीनं दोन ताटल्या मांडल्या आणि एक परत ठेवून दिली. तेव्हाही आलं नाही. याचं तिला स्वतःलाच जरा नवल वाटत होतं.

वर्ष होत आलं तेव्हा लोरिस बाक्कारिनी तिच्याकडे आला. लोरिसचं औषधाचं दुकान होतं, आणि जुन्या मोटारींच्या मंडळाचा तो अध्यक्ष होता. त्याची आई अर्जियाकडे दर शनिवारी केस सेट करायला यायची आणि लहानगा लोरिस तिथे ड्रायरखाली झोपायचा, त्यामुळे एरवी तो तिला 'अर्जिया मावशी' म्हणायचा. मंडळाचं काम असलं की 'सिन्योरा'.

"सिन्योरा," तो आल्या आल्या म्हणाला. अर्जियानं ओळखलं, काहीतरी डोक्याला ताप होणार. "मंडळानं ठरवलंय. गिरणीच्या वळणावर संगमरवरी दगड बसवायचा. वर गाडी कोरलेली, खाली मजकूर. त्या जागेला झान्योनींचं नाव."

"गिरणीच्या वळणावर? तिथे काय केलं बाबांनी?"

लोरिसनं तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं जणू ती परीक्षा घेतेय. मग पिशवीतून एक मोठा केलेला फोटो काढून टेबलावर ठेवला. चौतीस सालची 'तीन टेकड्यांची शर्यत'. गिरणीची भिंत, धुळीचा लोट. पुढे एरमेतेची गाडी, आणि तिच्या अगदी मागे, शेपटीला नाक लावून, वेत्सिओ ताराबुझीची.

वेत्सिओ ताराबुझी म्हणजे त्या काळातला या भागातला सगळ्यांत वेगवान माणूस. देखणा, पंचवीस वर्षांचा. पोरी त्याचे फोटो पेपरातून कापून मिठाच्या डब्यामागे ठेवायच्या.

"बघितलंत? ताराबुझी मागे, झान्योनी पुढे. ताराबुझीला त्याच्या आयुष्यातल्या शेवटच्या शर्यतीत कुणी ओव्हरटेक केलं असेल तर या एका माणसानं. आणि आयुष्यभर त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही!"

"कारण तसं झालंच नाही," अर्जिया म्हणाली. "लोरिस, तो मागून आला कारण त्याचा एक अख्खा फेरा जास्त झाला होता. आणि बाबांची गाडी या फोटोत चालतच नाहीये. थांबलीय."

"थांबलीय?"

"गिरणीवाल्यांची बदकं रस्त्यावर आली होती. त्यांची मुलगी काठी घेऊन त्यांना हाकत होती, पण ती हलेनात. बाबांनी गाडी थांबवली, खाली उतरले, आणि तिच्याबरोबर बदकं हाकली. शर्यत चालू असताना. ती मुलगी म्हणजे माझी आई, निवेस. हे बघ, इथे कोपऱ्यात पांढरं दिसतंय ना? बदकाचा पंख आहे तो."

लोरिसनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "मंडळाच्या मते तो प्रेक्षकाचा रुमाल आहे."

"आणि गाडीत ड्रायव्हर कुठंय?"

"खाली वाकलाय. वेगामुळे."

"बदकामुळे, लोरिस! तो गाडीच्या पलीकडे बदकाच्या मागे धावतोय!"

लोरिसनं तिचा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "अर्जिया मावशी," तो म्हणाला, "तुम्ही अगदी तुमच्या वडिलांवर गेलात."

दगडाची ऑर्डर आधीच गेली होती. फक्त समारंभात मुलीनं दोन शब्द बोलावेत एवढीच मंडळाची विनंती होती. अर्जिया 'बरं' म्हणाली आणि मनाशी पक्कं केलं: दोन नाही, चांगले शंभर शब्द बोलायचे, बदकांसकट. आई-बापाची भेट कशी झाली हे गावानं एकदा ऐकलंच पाहिजे. उगाच कुणाच्या तरी मरणावर बाबांची शेखी नको.

कारण वेत्सिओ ताराबुझी त्याच शर्यतीत गेला होता. वळण त्यानं व्यवस्थित घेतलं, एरमेतेच्या उभ्या गाडीला बाहेरच्या बाजूनं ओलांडताना "हट रे पाद्र्या!" असं ओरडला, आणि शेवटच्या फेऱ्यात नदीच्या पुलाचा कठडा तोडून खाली गेला. तेव्हा तो पहिला होता. त्याच्या मागे कितीतरी अंतरापर्यंत कुणीच नव्हतं. घाई करायचं कारणच नव्हतं, असं एरमेते म्हणायचा. वर्षातून एकदा, शर्यतीच्या तारखेला, तो एवढंच म्हणायचा, आणि मग, "हात काय सुंदर होते रे त्याचे स्टिअरिंगवर."

समारंभाचा दिवस उजाडला तो जूनमधला रविवार. गिरणी कधीच बंद पडली होती, तिच्यात आता शहरातले लोक सुट्टीला येऊन राहायचे. वळणावर खुर्च्या मांडल्या होत्या, बँडवाले घाम पुसत होते. मंडळाच्या जुन्या गाड्या चकचकीत पुसून रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी चामडी टोप्या घातलेले दाताचे डॉक्टर, वकील आणि विमावाले. दगडावर हिरव्या रंगाचं कापड होतं. अर्जिया पुढच्या रांगेत बसली आणि मनातल्या मनात बदकांचं वाक्य घोळवू लागली.

तेवढ्यात कुणीतरी शेजारच्या खुर्चीवर काठी आपटली. "इथे कुणी बसलंय?"

"नाही, बसा ना."

बाई नव्वदीच्या पुढची असावी. काटकुळी, काळा ड्रेस, ओठांना गडद लाल लिपस्टिक. "मी दिर्चे ताराबुझी," ती म्हणाली. "वेत्सिओची बहीण. तुम्ही पाद्र्याची मुलगी ना?"

दिर्चे नदीपलीकडच्या गावात राहते हे तिला माहीत होतं, पण ती येईल असं वाटलं नव्हतं. "सिन्योरा दिर्चे," ती घाईघाईनं म्हणाली, "त्या दगडावर जे लिहिलंय ते खोटं आहे. मी यांना सांगितलं होतं. तुमच्या भावाला कुणी मागे टाकलं नव्हतं. मी आत्ता उठून सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"की बाबा थांबले होते. बदकं होती."

"मला माहितीये बदकं होती. मी त्या भिंतीवर बसले होते. सतरा वर्षांची होते मी. तुमची आई अनवाणी होती आणि तुमचे वडील बदकांना 'मॅडम, जरा बाजूला' म्हणत होते." दिर्चेनं काठी मांडीवर आडवी ठेवली. "तुम्ही काही सांगायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गप्प बसायचं. औषधवाला तो पोरगा मला महिन्यापूर्वी मजकूर दाखवून गेलाय. त्यात वेत्सिओचं नाव आहे, 'महान' असा शब्द आहे त्याच्या आधी. दुसरीकडे कुठे आहे त्याचं नाव, सांगा मला?"

अर्जियानं दगडावरच्या हिरव्या कापडाकडे बघितलं.

"तो मेला तेव्हा काळ्या सदरेवाल्या फॅसिस्टांनी त्याला उचलला," दिर्चे म्हणाली. तिचा आवाज खालचा नव्हता. पुढे उभे असलेले बँडवाले वळून बघू लागले. "आपला वीर म्हणून पुलापाशी खांब उभारला, वर त्यांचा गरुड. वेत्सिओला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याला जो सदरा दिला तो त्यानं घातला. लढाई संपल्यावर लोकांनी हातोडे आणून खांब फोडला. बरोबर केलं, मी म्हणते, गरुड होता ना वर! पण गरुडाबरोबर तोही गेला. कबर होती, तर दफनभूमीवर बॉम्ब पडला. एकदा मेलेल्या माणसाला किती वेळा मारायचं? आता पंचाहत्तर वर्षांनी कुणीतरी त्याचं नाव दगडावर कोरलंय, तर तुम्ही मला बदकं सांगताय."

"पण त्यात तो हरलाय, सिन्योरा."

"हरू दे. हरायला माणूस असावा लागतो."

लोरिसनं माइकवर फुंकर मारली. नगराध्यक्ष बोलले, भरपूर बोलले. मग कापड ओढलं. टाळ्या झाल्या. दिर्चेनं पिशवीतून दुसरा चष्मा काढला, डोळ्यांवर लावला, पुढे वाकून वाचलं आणि बँडच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "त्राबुझी? हा त्राबुझी कोण?"

सगळे दगडाकडे बघू लागले. खरंच, कोरणाऱ्यानं एक अक्षर खाल्लं होतं. ताराबुझीचं त्राबुझी झालं होतं. लोरिसचा चेहरा उतरला. नगराध्यक्षांनी आकाशात ढग आहेत का ते पाहिलं. आणि तेवढ्यातच अर्जियाचं नाव पुकारलं गेलं.

ती माइकपाशी गेली. शंभर शब्द तयार होते. तिनं समोर बघितलं. दिर्चे काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे टक लावून बघत होती, बाजारात तराजूच्या काट्याकडे बघावं तशी.

"माझे बाबा त्या दिवशी या वळणावर होते," अर्जिया म्हणाली. "आणि त्यांच्या मागून वेत्सिओ ताराबुझी आले. फोटोत तुम्ही पाहिलंय. त्यापुढचं एवढंच सांगते की बाबा दरवर्षी शर्यतीच्या तारखेला वेत्सिओ ताराबुझींची आठवण काढायचे. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात सुंदर होते म्हणायचे. वेत्सिओ ताराबुझी त्यांच्यापेक्षा खूप वेगवान होते, हे बाबांनी स्वतः मला सांगितलंय." नाव प्रत्येक वेळी तिनं अक्षर अन् अक्षर वेगळं करून उच्चारलं. एकही शब्द खोटा नव्हता. बापाप्रमाणेच तिलाही खोटं न बोलता फसवणं जमलं, हे तिच्या लक्षात आलं आणि कान गरम झाले. "त्यांचं नाव तेवढं नीट करून घ्या," असं म्हणून ती खाली बसली.

टाळ्या आधीपेक्षा जोरात झाल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, प्रतिस्पर्ध्याबद्दलसुद्धा केवढा मोठेपणा!"

त्यानंतर मानवंदना होती. मंडळाच्या गाड्या एकामागून एक वळणावरून जाणार होत्या. पहिला मान अध्यक्षांचा. लोरिसनं टोपीचा पट्टा आवळला, चष्मा चढवला आणि सिंहाच्या वळणावर सिंहाला शोभेल असाच जायचं ठरवून निघाला. वळणाच्या तोंडाशी त्यानं ब्रेक लावला नाही. गाडी आधी शेपटीनं वळली, मग नाकानं वळली नाही, आणि गिरणीच्या जुन्या कालव्यात अलगद जाऊन बसली. कालव्यात पाणी घोट्यापर्यंतच होतं. लोरिस शेवाळानं हिरवा होऊन बाहेर आला, दोन्ही हात वर करून ठीक असल्याचं दाखवत. बाकीच्या गाड्या मग एकेक करून इतक्या सावकाश गेल्या की बँडला तीच धून चार वेळा वाजवावी लागली.

"आता कसं," दिर्चे म्हणाली. "आता ही खरी पाद्र्याची मिरवणूक झाली." आणि ती हसायला लागली. अर्जियाही हसली. हसता हसता दोघींना एकमेकींचा दंड धरावा लागला.

दिर्चेला शेजाऱ्यानं आणून सोडलं होतं आणि तो परस्पर निघून गेला होता. "मी सोडते तुम्हाला," अर्जिया म्हणाली, "पण आधी जेवू या." चौकातल्या खानावळीत त्या बसल्या. दिर्चेनं मांस भरलेल्या तोर्तेल्लिनी पास्त्याचं सूप मागवलं, वर लाल वाइन. सूप येईपर्यंत तिनं अर्धा ग्लास संपवला. मग म्हणाली, "तुमच्या वडिलांना मी उभा जन्म शिव्या घातल्या, माहितीये?"

"साहजिक आहे."

"नाही, ऐका. दर वाढदिवसाला पेपरात फोटो. नव्वद, पंच्याण्णव, शंभर. मी म्हणायची, मेला अजून आहे! देवाला दुसरा कुणी मिळाला नाही का ठेवायला? माझा तो वाऱ्यासारखा भाऊ नेला, आणि हे बैलगाडीवालं ठेवलं."

"मीसुद्धा कधीकधी म्हणायची," अर्जिया म्हणाली. "शेवटी शेवटी. सूप गरम नाही, सूप फार गरम आहे. मी म्हणायची, बाबा, आता पुरे की."

दिर्चेनं मान हलवली, जणू हे सांगितल्याबद्दल पावती दिली. मग चमचा खाली ठेवला. "एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. शर्यतीच्या सकाळी वेत्सिओ गोठ्यामागे उलट्या करत होता. प्रत्येक शर्यतीआधी करायचा. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची. तो भयंकर घाबरायचा हो. सगळे त्याच्याकडे बघायचे ना! आमचे वडील, ते सदरेवाले, त्या पोरी. त्या सकाळी तोंड पुसत मला म्हणाला, 'दिर्चे, मला त्या पाद्र्याचा हेवा वाटतो. त्याला लोक हसतात आणि तो हळू जातो. एकदा लोक हसले की मग काय, माणूस मोकळा.' मी म्हटलं, 'मग तूही जा ना हळू.' तर म्हणाला, 'मला आता कोण जाऊ देणार?'"

अर्जियानं खिडकीबाहेर बघितलं. चौकात तिचं जुनं दुकान होतं, आता तिथे मोबाइल विकायचे. शाळेतून रडत येणारी एक मुलगी तिला दिसली, आणि तिला मांडीवर घेणारा, ग्रीसचा वास येणारा माणूस. त्याला सगळे हसत होते हे त्याला माहीत होतं. तो दर वळणाला ते हसणं ऐकायचा आणि दर वळणाला ब्रेक लावायचा. नऊ वर्षं. आजवर तिला वाटत होतं की त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

आणि मग ती रडली. वर्षभराचं सगळं एकदम आलं, नॅपकिन पुरेना. वाढपी लांबूनच परत गेला.

दिर्चेनं तिला रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाली, "रडा, रडा. पण सूप गार होतंय."

जेवण झाल्यावर अर्जियानं बाबांची छोटी करडी गाडी काढली. गावाबाहेर रस्ता फुटतो तिथे ती सवयीनं हमरस्त्याकडे वळणार, तोच दिर्चे म्हणाली, "पुलावरून घ्या."

"पुलावरून? तुम्ही..."

"त्या दिवसापासून गेले नाहीये. लग्नाची वरातसुद्धा मी लांबून नेली होती. आज घ्या."

पूल लांबून दिसू लागला. पुलाअलीकडचा रस्ता सरळ आणि रिकामा होता, दोन्ही बाजूंना पॉप्लरची झाडं. अर्जियानं गाडी हळू केली.

"काय करताय?" दिर्चे म्हणाली.

"तुम्हाला बघायचं असेल म्हणून..."

"मला काही बघायचं नाही. जोरात जा."

"सिन्योरा दिर्चे, मी त्र्याहत्तर वर्षांची आहे."

"मी ब्याण्णवची आहे, मला वेळ नाही. दाबा!"

अर्जियानं दाबलं. करड्या गाडीला हे अनोळखी होतं. ती आधी थरथरली, मग तिनं एक लांब हुंकार भरला आणि निघाली. झाडांची भिंत झाली. दिर्चेनं काच खाली केली, वाऱ्यानं तिचे पांढरे केस उभे राहिले, आणि पूल आला आणि गेला. दोघींनाही कठडा दिसलासुद्धा नाही. पलीकडच्या चढावर अर्जियानं पाय काढला. दिर्चेच्या गालावरून पाणी ओघळत होतं. तिनं काच वर घेतली.

"बरं झालं," दिर्चे एवढंच म्हणाली.

दगडावरचं नाव पुढच्या आठवड्यात दुरुस्त झालं. जागा नव्हती, म्हणून एक बारकं अक्षर दोन अक्षरांच्या मध्ये चेपून बसवलं. वळणाला झान्योनींचं नाव पडलं, नकाशावरही आलं. गावकरी मात्र त्याला पाद्र्याचं वळणच म्हणतात, आणि बाहेरून आलेल्यांना वाटतं की तिथे कधीकाळी चर्च असेल.

जुलै अखेरीस अर्जियाच्या घरी नगरपालिकेचं पाकीट आलं. पुलाजवळच्या खांबावर कॅमेरा बसवला आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं, आणि गाडी आपल्या नावावर करून घ्यायची राहूनच गेलीय हेही. नोटीस सिन्योर एरमेते झान्योनी यांच्या नावे होती. आपण अतिवेगानं वाहन चालवल्याचं निदर्शनास आलं असून, आपलं वय लक्षात घेता वाहन परवान्याबाबत फेरविचार का करू नये, याचा खुलासा करावा, असं तीत म्हटलं होतं.

लोरिसला हे कुठून कळलं कोण जाणे. मंडळाच्या सभागृहात फ्रेम करून लावायला ती नोटीस द्या म्हणून तो तीनदा येऊन गेला. अर्जियानं त्याला दाद दिली नाही. गुरुवारी ती दिर्चेकडे गेली तेव्हा सोबत घेऊन गेली. आता दर गुरुवारी ती जायची, दिर्चेचे केस धुवायला.

दिर्चेनं भिंग लावून नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचली. "किती होता वेग?"

"अठ्ठ्याण्णव."

दिर्चे विचारात पडली. केसांतून पाणी निथळत होतं, तिनं टॉवेल मानेभोवती ओढून घेतला.

"वेत्सिओ जास्त होता," ती म्हणाली. "पण तेव्हा रस्ता कच्चा होता, हे धरायला हवं."

"धरू या की," अर्जिया म्हणाली, आणि तिनं दिर्चेचं डोकं हलकेच पुन्हा नळाखाली नेलं.